मांडवीतली ४२ घड्याळं आणि मुदत ठेवीचे ३ लाख

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकांनी विचारलंय: "वय ४४. मकरपुऱ्यात एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, हातात ६८ हजार येतात. घरकर्जाचा हप्ता २१ हजार. मुलगी नववीत. ३ लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात मोकळी होतेय, बचत खात्यात ७० हजार आहेत. मांडवीजवळचे एक घड्याळवाले काका दुकान बंद करतायत. त्यांच्याकडची ४२ जुनी चावीची घड्याळं ते एकगठ्ठा २ लाख १० हजारांना, रोखीने, देतायत. एचएमटी बरीच, शिवाय फेवर ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी, दोन ऑल्विन. १७ चालू आहेत. सर्व्हिसिंगला नगामागे हजार रुपये पडतील. हल्ली यांचे भाव वाढतायत म्हणतात. आता घेऊन चार वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या वेळी विकली तर? बायको म्हणते, घरात भंगार आणू नका."

नमस्कार. उत्तर आधीच देऊन टाकतो: सगळा गठ्ठा घेऊ नका, पण काकांकडे जरूर जा. सहा-सात घड्याळं घ्या, आणि ती मुदत ठेवीच्या पैशातून घेऊ नका.

भंगार हा शब्द मात्र मला मान्य नाही. एचएमटीने जपानच्या सिटिझनबरोबर करार करून १९६१ साली बंगळूरला कारखाना काढला आणि पुढची पंचवीसेक वर्षं या देशाच्या मनगटावर बहुतेक तेच घड्याळ होतं. दहावी पास झालेल्या मुलाला 'जनता', लग्नात जावयाला 'कांचन'. फेवर ल्यूबाचं नाव १७३७ पासूनचं, आणि त्यांचा मुंबईशी व्यापार १८६५ पासूनचा. वेस्ट एंडचं 'सोवार' तर घोडदळातल्या सवारावरून नाव घेतलेलं. रोमर, कॅमी या आपल्या आजोबांच्या पिढीने जपून वापरलेल्या स्विस कंपन्या. मग १९६९च्या नाताळात सेइकोने पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे चावीऐवजी बॅटरीवर चालणारं, मनगटी घड्याळ बाजारात आणलं, १९८७ पासून आपल्याकडे टायटन मिळू लागलं, आणि रोज सकाळी चावी द्यायची कटकट कुणाला नकोशी झाली. ही घड्याळं कपाटाच्या खणात गेली ती वाईट होती म्हणून नव्हे. आजही मागचं झाकण उघडलं की सतरा खड्यांचं (म्हणजे झीज कमी करणाऱ्या बारीक माणकांच्या बेअरिंगचं) मशीन टिकटिकताना दिसतं, आणि दोन-चार हजारांत इतकी कारागिरी हातात बांधायला मिळते, ती नव्या मालात मिळणार नाही. मेंटेनन्सच्या माणसाला त्याचा मोह पडला नसता तरच नवल.

पण स्वस्त मिळण्याचं कारण आणि विकताना अडकण्याचं कारण एकच आहे: यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. घेताना ती गोष्ट तुमच्या बाजूने असते, विकताना तुमच्या विरुद्ध. एचएमटीने सगळी मिळून दहा कोटींहून जास्त घड्याळं बनवली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्याच्या आगेमागे लोकांची झुंबड उडाली आणि भाव चढले, हे खरं. तरी दहा कोटींतला एक नग दुर्मिळ नसतो. दुर्मिळ असतं ते न रंगवलेली डायल, मूळची चावी आणि घासून गुळगुळीत न केलेली केस (बाहेरचं धातूचं कवच) असलेलं घड्याळ. देवनागरी आकड्यांची 'जनता' किंवा अंधांसाठीचं ब्रेल घड्याळ निघालं तर बातच वेगळी.

रंगवलेल्या डायलचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण तुमचे २ लाख तिथेच बुडू शकतात. आपल्या घामाने आणि दमट हवेने डायली डागाळतात. कारागीर त्या धुऊन पुन्हा रंगवत आणि छापत, गिऱ्हाइकाला चकाचक घड्याळ परत मिळे, त्यात फसवणूक काही नव्हती. पुढे याचाच धंदा झाला: एकाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे, वर भडक लाल-निळी डायल. परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि किंमत पाडून मागतात. काकांच्या दुकानात भिंग घेऊन बसा. अक्षरं जाड किंवा फुगलेली आहेत का, मिनिटांच्या रेघा कडेला सारख्या येतात का, स्विस घड्याळावर सहाच्या खाली 'स्विस मेड' आहे की गायब, आणि झाकणाखाली मशीनवरचं नाव डायलवरच्या नावाशी जुळतं का, ते बघा. एचएमटीची काळ्या डायलची 'पायलट' असली तर दुप्पट संशयाने बघा, तिला मागणी जास्त म्हणून नव्याने रंगवलेल्याही जास्त. अंधारात चमकणारे जुने आकडे मात्र खरवडून बघू नका. १९६०च्या दशकापर्यंतच्या डायलींवर किरणोत्सारी रेडियम असू शकतं.

आता हिशेब. २ लाख १० हजारांत सर्व्हिसिंगचे ४२ हजार मिळवा (जी चालू आहेत त्यांचंही तेल सुकलेलं असू शकतं, म्हणून सगळीच धरली). झाले २ लाख ५२ हजार. हीच रक्कम सात टक्क्यांनी चार वर्षं बँकेत राहिली तर साधारण ३ लाख ३० हजार होते. म्हणजे नुसती मुदत ठेवीची बरोबरी करायला ४२च्या ४२ घड्याळं, रंगवलेली आणि बंद पडलेलीही धरून, सरासरी ७,८५० रुपयांना विकली जायला हवीत, तेही दलाली आणि कुरिअर वजा जाता. व्याजावर कर जातो, त्यामुळे हा आकडा थोडा खाली येईल, पण चित्र पालटणार नाही. शिवाय चांगली दहा-बारा पटकन जातील आणि उरलेली तीस तुमच्याकडेच राहतील. व्यापाऱ्याला गठ्ठ्याने द्यायला गेलात तर तो तुमच्यासारखाच घासाघीस करेल. फी भरायची तारीख आली आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर काय करणार? सोन्याशी तुलना म्हणूनच चालत नाही. सोनं संध्याकाळी सराफाकडे नेलं तर सकाळी पैसे हातात असतात.

या सौद्यातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तुमच्या पत्रात एका वाक्यात येऊन गेली: काका दुकान बंद करतायत. जो माणूस ही मशीनं चालू ठेवू शकतो तोच निघून चाललाय, आणि तुम्ही ४२ मशीनं घरी आणताय. चार वर्षांनी बॅलन्सचा स्टाफ (मशीनमधल्या डोलणाऱ्या चाकाचा बारीक आस) तुटला तर नगामागे हजारात कोण करून देणार? म्हणून काकांकडे घड्याळांच्या आधी त्यांचे खण मागा. स्प्रिंगा, काचा, चाव्या, काटे, मोडक्या घड्याळांतून काढून ठेवलेले भाग, जमलं तर हत्यारंही. गिऱ्हाइकांच्या नजरेत तो कचरा असतो, म्हणून भावही तसाच लागेल. तुम्हाला हाताची सवय आहे. दर रविवारी दोन तास त्यांच्याजवळ बसायला मिळालं तर त्याचे पैसे वेगळे द्या. या सगळ्या व्यवहारातला तो सगळ्यात रास्त खर्च ठरेल.

३ लाखांना हात लावायचा नाही याचं कारण साधं आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून महिना ५० हजार धरला तर ती ठेव म्हणजे बरोबर सहा महिन्यांचा तुमचा आधार आहे. खाजगी नोकरी आणि डोक्यावर कर्ज असताना हा आधार मोडू नये. ती रक्कम दोन-तीन छोट्या ठेवींत विभागून ठेवा, म्हणजे गरज पडली तर सगळी मोडावी लागणार नाही. मुलीच्या फीसाठी आतापासून वेगळं आवर्ती खातं काढा, महिना ८-१० हजारांचं. चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारातही नको, घड्याळांत तर नकोच.

छंदासाठी दिवाळीच्या बोनसमधून २५-३० हजार बाजूला काढा, आणि ते सहलीवर केलेल्या खर्चासारखे विसरून जा. त्यात भिंगातून पास झालेली सहा-सात घड्याळं आणि एक-दोन खण येतील. रोज एक बांधा. घरात विरोध मावळायला त्याने थोडी मदत होईल, असा माझा अंदाज आहे. काका 'सगळी घ्या नाहीतर राहू द्या' म्हणाले, तर राहू द्या.

आणि रोख देऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तोही घेणाऱ्याला. म्हणजे २ लाख १० हजार रोखीत घेऊन अडचणीत काकाच येतील. यूपीआयने किंवा चेकने द्या, आणि साध्या कागदावर का होईना, प्रत्येक घड्याळाचं नाव, अवस्था आणि किंमत लिहून त्यांची सही घ्या. स्वतः वापरायची वस्तू, दागिना सोडून, विकली तर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. पण नफ्यासाठी घेऊन विकत राहिलात तर तो धंदा धरला जाऊ शकतो, आणि तेव्हा खरेदीची किंमत दाखवायला हाच कागद उपयोगी पडेल.