टोपणनाव की लावलेलं नाव?

गिरगावातल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या वाचकाने विचारलंय: 'दक्षिण मुंबईशी नातं असलेल्या कलावंतांची यादी छापतोय. स्टेजनेमच्या रकान्यावर टोपणनाव असं लिहिलं तर चालेल का?'

चालेल, पण माझ्या कानाला खटकतं. टोपण म्हणजे झाकण, पेनाला असतं तसं. ते लेखक-कवींना शोभतं. नारायण मुरलीधर गुप्ते 'बी' या एका अक्षरामागे बसून कविता लिहू शकले. नटाला ती सोय नाही, त्याचा चेहराच तर तिकिटावर विकला जातो.

मी काही वर्षं एका नाट्यसंस्थेचे हिशेब पाहत होतो. दादरला प्रयोग संपला की विंगेत नाईटची, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाची, पाकिटं वाटायची. पाकिटावर जाहिरातीतलं नाव, व्हाउचरवर सही मात्र भलत्याच नावाची. पहिल्याच रात्री मी अडून बसलो, की ही बाई कोण? मेकअपदादा स्पिरिट गम पुसता पुसता म्हणाले, 'अहो, पाळण्यातलं नाव आहे ते. नाटकात ती दुसरं नाव लावते.'

'लावते'! आपल्याकडे नामापेक्षा क्रियापद जास्त काम करतं. पाळण्यात नाव ठेवतात. (अनेकवचन केलंत की भांडण लागतं.) लोकांच्या तोंडी नाव पडतं, कर्तृत्वाने निघतं, आणि आपण होऊन वापरायचं ते लावतात. 'घेतलेलं नाव' म्हणायची सोय नाही, लगेच उखाणा आठवतो. 'नाटकातलं नाव' म्हणावं तर ते पात्राचं वाटतं.

ही क्रियापदं लावून पाहा. दीनानाथांनी मंगेशी गावावरून 'मंगेशकर' लावलं. ते आडनावच झालं आणि मुलांकडे गेलं. हेमाची लता झाली ती 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून, असं सांगतात. तमाशाच्या फडात गाव लावायची रीत जुनीच. विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा, पण वडिलांचा फड नारायणगावचा, म्हणून त्या नारायणगावकर.

गंधर्वांचं वेगळं. नारायण श्रीपाद राजहंसांना 'बालगंधर्व' हे नाव लोकमान्यांनी दिल्याचं सांगतात, म्हणजे ते बिरुद. मग रांगच लागली. रामभाऊ कुंदगोळकर 'सवाई' म्हणजे सव्वापट, सौदागर नागनाथ गोरे 'छोटा', शिवपुत्र कोमकली 'कुमार'. पण बिरुद वारशाने जात नाही. कुमारांची मुलगी गायिका झाली, तरी नाव कलापिनी कोमकली.

सिनेमात नाव सहसा दुसरंच कुणीतरी ठेवतं. 1944 साली 'ज्वार भाटा'मधून पडद्यावर आलेल्या युसुफ खानचा दिलीपकुमार झाला तो मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये, देविकाराणींच्या सांगण्यावरून. बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तने थेट व्हिस्कीचं नाव चिकटवलं: जॉनी वॉकर. हे तर खऱ्या अर्थाने बारसं.

एक शब्द तुमच्या यादीत हमखास येईल: ऊर्फ. मूळ अरबी, 'जाणणं' या अर्थाच्या धातूतून आलेला. आपलं 'मार्फत' त्याच घरातलं. ऊर्फनंतर यायला हवं ते लोकांना माहीत असलेलं नाव. म्हणजे 'नयन भडभडे ऊर्फ रीमा लागू'. वर्तमानपत्रं पुष्कळदा उलटं छापतात, आणि पोलिसी बातम्यांमुळे या शब्दाला थोडा गुन्हेगारी वासही लागलाय. श्रद्धांजलीच्या मजकुरात तो मी टाळतो.

तेव्हा तुमच्या तक्त्यात टोपणनावाचा रकाना करूच नका. पहिल्या रकान्यावर नुसतं 'नाव' लिहा आणि त्यात रीमा लागू, जॉनी वॉकर, बालगंधर्व येऊ द्या. दुसऱ्यावर 'पाळण्यातलं नाव'. जागा कमी पडली तर 'मूळ नाव', पण गावाचं नाव लावणाऱ्या कलावंतांच्या बाबतीत आधी घरच्यांना विचारा. पुष्कळदा गावच कागदोपत्री आडनाव झालेलं असतं आणि दुसरा रकाना रिकामा ठेवावा लागतो.