मायक्रोवेव्हने स्तनातली गाठ शोधता येते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मायक्रोवेव्हमध्ये तर अन्न शिजतं. त्याच लहरी छातीवर सोडल्या तर भाजणार नाही का? (एक आशाताई, कळंब)

नाही, ताई. ओव्हनमध्ये बंद डब्यात आठशे-हजार वॅटचा मारा असतो. तपासणीच्या यंत्रातून निघणारी ताकद मोबाइलपेक्षाही कितीतरी कमी असते. एक्स-रेचा धोकाही यात नाही आणि मॅमोग्राफीसारखं (म्हणजे स्तनाच्या एक्स-रेसारखं) स्तन दाबून धरावं लागत नाही.

गाठ दिसते कशी? (गृहिणी, परभणी)

कॅन्सरच्या गाठीत पाणी भरपूर असतं, चरबीत फार थोडं. त्यामुळे चरबीतून जाणारी लहर गाठीवर आपटून मागे फिरते, आडात हाक मारल्यावर आवाज परत यावा तशी. पण एक अडचण आहे आणि ती मला लपवायची नाही. विस्कॉन्सिन आणि कॅलगरी विद्यापीठांनी 2007 मध्ये स्तनाच्या ऊतींचे शेकडो नमुने मोजले. चरबी आणि गाठ यांच्या विद्युत गुणधर्मांत दहापटीपर्यंत फरक दिसला. दुधाच्या ग्रंथी आणि गाठ यांच्यात मात्र जेमतेम 10 टक्के. तरुण बायकांत ग्रंथी जास्त, म्हणजे जिथे मॅमोग्राफी कमी पडते तिथेच हेही अवघड जातं.

आमच्या लॅबमध्ये नेटवर्क अ‍ॅनालायझर (मायक्रोवेव्ह सोडून मोजणारं टेबलावरचं यंत्र) आहे. मग या तपासणीसाठी वेगळी चिप कशाला? (इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, लातूर)

तो अ‍ॅनालायझर जीपमध्ये घालून उपकेंद्रावर नेऊन बघ! आता हिशेब कर. हवेत लहर एका नॅनोसेकंदात (सेकंदाचा अब्जावा भाग) 30 सेंटिमीटर जाते, चरबीत साधारण 10. खोलीत एक सेंटिमीटरचं अंतर असलेल्या दोन ठिकाणांहून येणाऱ्या प्रतिध्वनींत, जाऊन-येऊन, फक्त 200 पिकोसेकंदांचं अंतर पडतं (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग). ते टिपायला दर 10 पिकोसेकंदांना एक नमुना (लहरीचं एक मोजमाप) हवा, म्हणजे सेकंदाला 100 अब्ज. बॅटरीवर ते थेट जमत नाही. म्हणून लहरीचा तोच छोटा झटका पुन्हा पुन्हा सोडायचा आणि दर खेपेला नमुना थोडा उशिरा घ्यायचा. गाठ जागची हलत नाही, म्हणून ही युक्ती चालते. सोळा अँटेना असतील तर एक बोलतो, दुसरा ऐकतो. अशा 120 जोड्या होतात आणि त्या बदलणारा स्विचही चिपवरच बसतो. शिवाय त्वचेचा प्रतिध्वनी गाठीच्या कित्येक पट मोठा असतो, तो आधी वजा करावा लागतो. मला विचारशील तर खरी कसोटी तिथे आहे. हिरोशिमा विद्यापीठातल्या किक्कावा यांच्या गटाने अशा सीमॉस चिप्सवर (मोबाइल-संगणकात असतात त्याच प्रकारच्या) हातात धरता येणारं यंत्र बनवलं आणि मोजक्या रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये मांडले.

आमच्या बाया दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला जातात. हे यंत्र येईपर्यंत काय करायचं? (आरोग्यसेविका, बीड)

यंत्राची वाट पाहू नका. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत होत्या. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. तरीही तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीला टोळी निघण्याआधी, नवरात्राच्या सुमारास तपासा. गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आलं किंवा कातडी आत ओढलेली दिसली, तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा जवळ पडत असेल तर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात पाठवा. तिथे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी होते. मुकादमाची उचल घेतलेली असली, तरी तिचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तिला कोयता उचलू देऊ नका.