कॅप्टन निमो नेमका कोणाच्या बाजूचा?

प्रश्न: ज्यूल व्हर्नची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ नुकतीच वाचली. कॅप्टन निमो एका गरीब पाणबुड्यासाठी शार्कच्या तोंडी जातो आणि शेवटी अख्खी युद्धनौका माणसांसकट बुडवतो. त्याचा देश कोणता, त्याच्यावर कसला अन्याय झाला, काहीच कळत नाही. हे लेखकाकडून राहून गेलं का? आणि पानंच्या पानं माशांची नावं आहेत, ती वाचायलाच हवीत का?

उत्तर: राहून गेलेलं नाही, ते जाणूनबुजून झाकलेलं आहे. व्हर्नच्या मनातला निमो पोलिश होता. 1863 मध्ये पोलंडने रशियाविरुद्ध उठाव केला आणि रशियाने तो चिरडला. त्यात आपली माणसं गमावलेला एक सरदार, असा त्याचा बेत होता. प्रकाशक पिएर-ज्यूल एत्झेल राजी होईना, कारण रशियातला खप धोक्यात आला असता. निमोला गुलामांच्या व्यापाराचा शत्रू करा, असं त्याने सुचवलं. ते व्हर्नला पटेना. अखेर शत्रूचं नावच घ्यायचं नाही असं ठरलं आणि 1869-70 मध्ये कादंबरी एत्झेलच्याच नियतकालिकातून क्रमशः छापून आली.

ही तडजोड कादंबरीच्या पथ्यावर पडली, असं माझं ठाम मत आहे. निमो एका देशाचा राहिला नाही. तुम्ही म्हणता तो सिलोनचा प्रसंग पुन्हा काढून वाचा. हिंदी पाणबुड्या पायांत दगड धरून तळाशी जातो, घाईघाईने शिंपले पिशवीत भरतो, श्वास घ्यायला वर येतो. शार्क येतो तेव्हा निमो नुसता खंजीर घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो. खाली पडलेल्या निमोला त्याच्या पाणबुडीवर कैदेत असलेल्या नेड लँड या देवमाशांच्या शिकाऱ्याचा भाला वाचवतो. मग निमो त्या शुद्धीवर आलेल्या पाणबुड्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. हा दडपलेल्यांच्या देशाचा रहिवासी आहे आणि मीही त्याच देशाचा, असं तो नंतर सांगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. क्रेट बेटावरच्या बंडखोरांना सोनं पाठवणारा, खोलीत पोलंडचा स्वातंत्र्यवीर कोश्चुश्को, लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेला अमेरिकन जॉन ब्राउन यांची चित्रं लावणारा निमो हा तोच.

म्हणून युद्धनौका बुडवणं माफ होतं का? माझ्या मते नाही, आणि व्हर्नही ते माफ करत नाही. नौका तळाशी गेल्यावर निमो खोलीत जातो, एका तरुण स्त्रीच्या आणि दोन लहान मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून हुंदके देतो. कादंबरीचा निवेदक, नेडसोबतच पाणबुडीवर अडकलेला प्राध्यापक अरोनाक्स हे पाहतो, आणि इतके महिने भारावलेल्या त्याच माणसाला निमोची दहशत वाटू लागते.

माशांच्या याद्यांचं कोडंही अरोनाक्सपाशीच सुटतं. पॅरिसच्या संग्रहालयातला हा अभ्यासक निमोच्या ‘नॉटिलस’ पाणबुडीच्या काचेपलीकडे जे बघतो ते आजवर कोणी पाहिलेलं नाही. नेडला ती पाणबुडी तुरुंग वाटते, अरोनाक्सचा मात्र पाय निघत नाही. त्या याद्या म्हणजे त्याची हाव आहे. पहिल्या वाचनात नजर फिरवून पुढे गेलात तरी चालेल, पण त्या कोणाच्या तोंडी आहेत ते विसरू नका.

निमोचं कूळ मात्र व्हर्नने पुढे 1874-75 च्या ‘द मिस्टिरियस आयलंड’मध्ये उघड केलं: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा भाचा, 1857 च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. दोन्ही पुस्तकांतल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. त्यात अडकू नका.

इंग्रजीतून पुन्हा वाचणार असाल तर 1870 च्या दशकातलं लुईस मर्सिएचं भाषांतर टाळा. त्यात मूळ मजकुराचा सुमारे पाव भाग गाळलेला आहे आणि तेच अजूनही नव्या मुखपृष्ठांखाली विकलं जातं. ‘संपूर्ण’ असं स्पष्ट लिहिलेली अलीकडची आवृत्ती घ्या.