बीपीच्या पेशंटला मीठ कसं काय देतात?

"मॅडम, सासूबाईंना बीपी आहे. घरी आम्ही मीठ पार कमी केलं होतं आणि इथं सिस्टर मिठाच्या कॅप्सूल देताहेत. काहीतरी गफलत होतेय ना?"

धमनीवरचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला की हा प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो. या सूनबाईंनी तर कॅप्सूल पर्समध्येच ठेवून दिल्या होत्या. वहीत वरचं बीपी उतरवलेलं: १६८, १५०, ११०. "बघा, उतरतंय," म्हणाल्या, समाधानानं.

मी आधी सिस्टरना सांगितलं. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य क्षार, १२७ निघालं. हवं १३५ ते १४५. मग त्यांना घेऊन बसले.

फुगा फुटताच शरीरात अॅड्रिनॅलिन उसळतं, बीपी चढतं. फुगा पुन्हा फुटू नये म्हणून, तो बंद होईपर्यंत डॉक्टर बीपी आटोक्यात ठेवतात. फुगा आतून बंद करणारी बारीक तार, म्हणजे कॉइल, बसली की गणित बदलतं. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या धमन्या आकसू शकतात, तेव्हा रक्ताला मागून जोर लागतो. नेमकी तेव्हाच मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकायला लावणारी संप्रेरकं वाढू शकतात. मिठामागोमाग पाणीही जातं. टाकीत पाणी कमी असलं की वरच्या मजल्यावर धार येत नाही, तसंच हे. ती तूट भरायला मिठाच्या कॅप्सूल. काहींच्या बाबतीत उलट, दुसरं संप्रेरक पाणी धरून ठेवतं आणि सोडियम पातळ होतं. कोणता प्रकार आहे ते तपासण्यांवरून डॉक्टर ठरवतात, आपण नाही.

"म्हणजे ११० चांगलं नाही?"

"एरवी चांगलंच. आत्ता डॉक्टरांनी दिलेल्या आकड्याखाली गेलं तर सिस्टरना हाक मारायची. धमन्या आकसण्याचे परिणाम कमी व्हावेत म्हणून देतात त्या निमोडिपिननंही बीपी उतरतं, पण ती गोळी सहसा २१ दिवस चालते; मनानं बंद करायची नाही."

मग खरं दुखणं बाहेर आलं. लोणच्यावरून दोघींची बाचाबाची झाली आणि तासाभरात आई कोसळल्या. मी म्हटलं, "ताई, तो फुगा त्या दिवशी झालेला नाही." त्या बराच वेळ रडल्या. इतके दिवस मीठ तोडण्यामागे हेच प्रायश्चित्त असावं, असं मला वाटतं.

जाताना दोन गोष्टी वहीत लिहून दिल्या. घरी मीठ किती आणि बीपीच्या जुन्या गोळ्या कधी सुरू करायच्या, हे डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या. पुढे काही महिन्यांनी फार थकवा आला, उठताच चक्कर आली, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. या रक्तस्रावानं मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरकं बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला मार बसलेला असू शकतो, सकाळच्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.