नोकरी गेलेल्या ख्रिस्ती पुरुषाने ‘तुझी लायकी ख्रिस्तात आहे’ हे वाक्य कसं घ्यावं?

सलाम भाऊ. तुम्ही लिहिलंय की चाकणची नोकरी गेली, घर बायकोच्या पगारावर चाललंय, पाळकसाहेब म्हणतात ‘तुझी लायकी ख्रिस्तात आहे’, आणि सोमवारी सकाळी त्या वाक्याचं काय करायचं ते समजत नाही. मी पिंपरीत टूलरूममध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे, मंडळीत पंच आहे. पाळकसाहेबांचं खोटं नाही, पण त्यांनी अर्धंच सांगितलंय.

पुरुषांच्या शिबिरांत हमखास बायबलातला गिदोन ऐकवतात. मिद्यानी शत्रूंच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा माणूस. देवदूत त्यालाच ‘बलवान वीरा’ म्हणून हाक मारतो. तो म्हणतो, मनश्शे वंशात माझं कूळ सगळ्यात दुबळं, घरात मी सगळ्यात लहान. पुढे 32,000 माणसांतून 300 उरतात आणि लढाई जिंकली जाते. इथे टाळ्या पडतात, चहा येतो. त्याच शास्ते पुस्तकाचा आठवा अध्याय मात्र कोणी उघडत नाही. जिंकल्यावर हाच गिदोन लुटीतलं सोनं मागून घेतो, त्याचं एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, करून आपल्या गावात, अफ्रात ठेवतो, आणि सगळे इस्राएल त्या एफोदाच्याच नादी लागतात. गिदोनाच्या घराण्याला ते फास होतं. म्हणजे विश्वासाने आलेला आत्मविश्वाससुद्धा नासतो. ‘तू वीर आहेस’ एवढंच ऐकून घरी आलेल्या तरुणांचा मला म्हणूनच जरा धसका वाटतो. चार महिन्यांत ते एकतर खचतात, नाहीतर कमिटीच्या निवडणुकीला उभे राहतात.

प्रेषित पौलाचं बघा. फिलिप्पैकरांच्या पत्रात तो आपली सगळी पत मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा परूशी. आणि ख्रिस्तापुढे हे सगळं केरकचरा म्हणतो. पण तंबू शिवायचं त्याने सोडलं नाही. करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तो तेच काम करत होता. मिरवायची पत टाकली, हातातली सुई सोडली नाही. तुमच्या सोमवारचं उत्तर मला इथेच दिसतं. ‘मी कोण’ हे देवाने ठरवून टाकलंय, कंपनीच्या पत्राने ते बदलत नाही. ‘मी काय करू’ हे मात्र आकाशातून उतरणार नाही, हाताला काम शोधावंच लागेल.

आणि हातातलं कसब देवाच्या लेखी कमी नाही. निर्गमच्या 31 व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो ते कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडायला, रत्नं कोरायला, लाकूड तासायला. उपदेश करायला नव्हे. तुमचा सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा, हात याच खात्यात मोडतो, असं मी तरी मानतो.

आमच्या नगरकडे हे नुसतं पुस्तकी नव्हतं. गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या महार-मांग घरांतली माणसं ख्रिस्ती झाली. अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, सुतारकामासारखे धंदे शिकवले. ज्याच्या सावलीचाही विटाळ होता तो माणूस रविवारी उभा राहून मोठ्याने शास्त्र वाचू लागला. विश्वासातून लायकी सापडते म्हणजे काय, हे त्याला शिबिरात कोणी शिकवावं लागलं नाही. अर्थात धर्म बदलला म्हणून जात लगेच सुटली असंही नाही. तो वेगळा विषय.

तुम्हाला एवढंच सुचवतो: सध्या मंडळीतलं कुठलंही पद घेऊ नका. रिकामा माणूस दिसला की त्याच्या गळ्यात खजिनदारी मारायची आमची सवयच आहे. आधी धंद्याचं बघा. छोट्या वर्कशॉपमध्ये रोजावर जा, आयटीआयची पोरं शिकवा, पगार कमी असला तरी हात चालू ठेवा.

राहिला बायकोच्या पगाराचा प्रश्न. लूकच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढा, पहिली तीन वचनं. येशू आणि बारा शिष्य गावोगाव फिरत होते तेव्हा खर्च कोण करत होतं? मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ बायका, आपापल्या पैशातून. बारा धडधाकट पुरुष, त्यातले काही चांगले कसलेले कोळी. पुढच्या शिबिरात हा उतारा कोणी वाचला तर मला जरूर कळवा.