युद्ध चालू असताना मंत्र्याची मुलगी नुसत्या मेजवान्याच देत होती का?

तुमचा प्रश्न जरा खोचक आहे: बाहेर माणसं मरत असताना राजकारण्याच्या मुलीनं जेवणावळी घालाव्यात, याला काय म्हणायचं? माझं उत्तर एका मुलीपुरतंच आहे. केट चेस, अमेरिकेचं यादवी युद्ध, वॉशिंग्टन.

वडील सॅमन चेस हे लिंकन यांचे अर्थमंत्री. त्यांच्या तिन्ही बायका वारलेल्या. त्यामुळे ते ओहायोचे गव्हर्नर झाले तेव्हापासूनच, म्हणजे केट अजून पंधरा-सोळाची होती तेव्हापासून, घर तीच सांभाळायची. १८६१ साली विसाव्या वर्षी ती वॉशिंग्टनला आली. कॅपिटॉलचा घुमट अर्धवट, रस्त्यांत चिखल, जिकडेतिकडे सैनिकांच्या छावण्या. सहाव्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरी मात्र सिनेटर, सेनापती, वकील, संपादक यांची ये-जा.

ती नुसती हौस नव्हती. चेसना राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं; १८६० मध्ये उमेदवारी हुकली होती, १८६४ वर डोळा होता. जेवायला कुणाला बोलवायचं आणि कुणाशेजारी कुणाला बसवायचं, हे केट ठरवायची. मतदानाचा हक्क नसलेल्या बाईनं चालवलेली ती प्रचार कचेरीच होती. मेरी लिंकन यांना हे बरोबर कळलं होतं. जानेवारी १८६४ मधल्या मंत्र्यांच्या मेजवानीच्या यादीतून त्यांनी चेस बापलेकीला आणि जावयाला कटाप केलं! लिंकननी ती नावं परत घालायला लावली. पुढच्याच महिन्यात, लिंकनऐवजी चेसना उभं करा असं सांगणारं गुप्त पत्रक फुटलं आणि चेस तोंडघशी पडले.

आता पैशाचं. मंत्र्याचा पगार वर्षाला ८,००० डॉलर. एवढ्यात असा थाट कुठला निभायला? गंमत म्हणजे १८६२ च्या एक डॉलरच्या नोटेवर चेस यांचंच चित्र होतं. १२ नोव्हेंबर १८६३ रोजी केटनं ऱ्होड आयलंडच्या विल्यम स्प्रेगशी लग्न केलं. तो कापडगिरण्यांचा मालक आणि सिनेटर. लग्नाला लिंकन आले, मेरीबाई आल्या नाहीत. हे लग्न वडिलांसाठीच केलं असं अनेकांनी लिहिलंय. मला ते अर्धंच पटतं. तेवीस वर्षांच्या मुलीला श्रीमंत, तरणाबांड माणूस आवडूही शकतो की.

गिरण्यांना लागणारा कापूस मात्र शत्रूच्या मुलखात अडकलेला. (याच टंचाईनं मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदांसकट अनेकांचं दिवाळं निघालं. आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच कापसाच्या दुसऱ्या टोकाला केटचं घर होतं हे सहसा लक्षात येत नाही.)

पुढचं थोडक्यात. १८६८ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. तिथं वडिलांसाठी तिनं हॉटेलातूनच सूत्रं हलवली, कारण बाईला प्रतिनिधी म्हणून सभागृहात जागा नव्हती. उमेदवारी सेमूर यांना मिळाली. १८७३ मध्ये वडील गेले, त्याच वर्षीच्या मंदीत स्प्रेग बुडाला. नवरा दारुडा निघाला होता. सिनेटर कॉन्कलिंगशी तिचं नाव जोडलं गेलं, वर्तमानपत्रांनी पुरती अब्रू काढली. शेवटची वर्षं तिनं वॉशिंग्टनच्या कडेला वडिलांच्या जुन्या घरात, एजवूडला काढली. कोंबड्या पाळून, दूध-अंडी विकून. १८९९ मध्ये ती गेली.

१८८२ च्या घटस्फोटानंतर तिनं आडनाव पुन्हा चेस लावलं होतं.