ड्रेस्डेन कसं आहे, असं विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत: जर्मनीतल्या ड्रेस्डेनला चिप कंपनीत नोकरी मिळतेय, बायको शास्त्रीय गाणं शिकलेली आहे, मुलगी आठ वर्षांची. शहर सुंदर आहे असंही ऐकलंय आणि उजव्या विचाराचं आहे असंही. मग तिथलं सांस्कृतिक आणि राजकीय वातावरण पुण्यात बसून कसं ओळखायचं, की सरळ शेजारच्या लाइपझिग शहरात राहून ये-जा करायची? दोन ओळींत उत्तर देणार होतो, जमलं नाही. इथे इतकी वर्षं काढूनही हाच प्रश्न मला पडतो, फरक इतकाच की आता तो मी कोणाला विचारत नाही.

ब्लू कार्ड (नोकरीचा परवाना), पगाराची मर्यादा, विमा यावर काही लिहीत नाही. ते सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे.

फोटोंवरून शहर जोखू नका. जेम्परओपर हे ऑपेरागृह, फ्राउएनकिर्श हे चर्च, एल्ब नदीचा काठ, सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. मला या शहराचा स्वभाव एका पुलावरून कळला. 2004 मध्ये युनेस्कोने इथलं एल्बचं खोरं जागतिक वारसा यादीत घेतलं. पुढच्याच वर्षी नदीवर चौपदरी पूल हवा का यावर शहरात सार्वमत झालं आणि लोकांनी दोन तृतीयांश मतांनी पूल मागितला. युनेस्को इशारे देत राहिली, शहर बांधत राहिलं. 2009 मध्ये नाव यादीतून काढलं गेलं, 2013 मध्ये पूल सुरू झाला. आपल्या सौंदर्याचा प्रचंड अभिमान, आणि बाहेरच्या कोणी त्याबद्दल शिकवलेलं मात्र अजिबात खपत नाही. मला वाटतं इथलं निम्मं राजकारण यातच आलं. (आणि हो, त्या पुलावरून मीही जातो. सोयीचा आहे.)

आता 'उजवं शहर' या शिक्क्याबद्दल. 2019 च्या महापालिका निवडणुकीत इथे ग्रीन पक्ष पहिला होता, 2024 मध्ये एएफडी, म्हणजे स्थलांतरितांना विरोध करणारा कडवा उजवा पक्ष. शहर तेच, मधे फक्त पाच वर्षं. तेव्हा सॅक्सनी राज्याचे आकडे बघून घाबरूही नका, निर्धास्तही होऊ नका. मतदान केंद्रांपर्यंतचे आकडे शहर स्वतःच प्रसिद्ध करतं, ते बघा. नॉयश्टाट आणि प्रोहलिस या शहरातल्याच वस्त्या, पण दोन वेगळी गावं वाटावीत इतका फरक दिसेल. गोम अशी की नवीन माणसाला परवडणारं घर बहुतेक वेळा प्रोहलिस किंवा गोर्बित्सच्या जुन्या कम्युनिस्ट काळातल्या इमारतींतच मिळतं. एएफडीला भरपूर मतं तिथे, आणि परदेशी कुटुंबंही तिथेच. आम्हीही सुरुवातीला तशाच एका इमारतीत होतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी हिशोब करायचो, या मजल्यावर कोण, त्या मजल्यावर कोण. वाईट सवय आहे, चांगल्या वस्तीत येऊनही सुटलेली नाही.

पेगिडा या इस्लाम आणि स्थलांतरितविरोधी चळवळीबद्दल तुम्ही वाचलंच असेल. ऑक्टोबर 2014 पासून सोमवारी संध्याकाळी त्यांचे मोर्चे निघायचे, ते थेट दहा वर्षं, 2024 पर्यंत. आता थांबलेत. पण त्या काळात शहरातल्या संस्था कशा वागल्या ते बघण्यासारखं आहे. डिसेंबर 2014 मध्ये मोर्चा ऑपेरासमोरच्या चौकात जमला तेव्हा ऑपेराने इमारतीवरचे दिवे बंद केले. सरकारी नाट्यगृहाने पुढच्या वर्षी सोमवारीच निर्वासितांसाठी आणि गावकऱ्यांसाठी एक कॅफे सुरू केलं, मुद्दाम सोमवार निवडून. मी नाटकाला कमी आणि त्या कॅफेत जास्त वेळा गेलोय. दुसरीकडे हेही माहीत असू द्या की मारवा अल-शर्बिनी या इजिप्शियन फार्मासिस्ट बाईंचा 2009 मध्ये इथल्या भर कोर्टात, साक्ष देत असताना, वंशद्वेषातून खून झाला. त्यांच्या नावाची बाग आज शहरात आहे. ती बाग आहे हे मी माझ्या आईला कधीच सांगितलं नाही, कारण मग का आहे तेही सांगावं लागलं असतं.

तुमच्या पत्नीच्या गाण्याकडे येतो. श्रोता म्हणून त्यांना इथे काही कमी पडणार नाही. कुल्तुरपालास्ट नावाची 1969 ची एक इमारत आहे, आतून नवी करून 2017 मध्ये पुन्हा उघडली. तिच्यात फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचं सभागृह, शहराचं मुख्य वाचनालय आणि राजकीय टिंगलटवाळीचं एक छोटं थिएटर, तिन्ही एकाच छपराखाली. तिथे एक संध्याकाळ घालवली की शहराबद्दल जे कळतं ते दहा लेख वाचून कळणार नाही. क्रॉयत्सकिर्श या चर्चमध्ये शनिवारी मुलांचा क्वायर (गायनवृंद) गातो, आठशे वर्षांहून जुनी परंपरा. मी ख्रिश्चन नाही, तरी जाऊन बसतो. तू इथे कसा, असं कोणी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तिथे कोणी दुसरंही काही विचारलेलं नाही.

पण गाणारी व्यक्ती म्हणून? तिथे उत्तर बदलतं. एखाद्या शहरात बाहेरून आलेल्या हौशी माणसाला कुठपर्यंत आत घेतात, यावर मी तिथलं सांस्कृतिक आयुष्य मोजतो. इथे दर वस्तीत हौशी क्वायर आहेत. माझी बायको एका क्वायरमध्ये जाते, तालमी चुकवत नाही, वार्षिक सभेला केक करून नेते, आणि ओळखी झाल्यात. मात्र ख्याल ऐकायला कोणी येईल ही अपेक्षा ठेवू नका. बैठक करायची तर श्रोतेही आपणच गोळा करायचे, तानपुरा लावून द्यायलाही आपणच.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त. पुढे.

शाळेबद्दल मात्र थांबून लिहिणार आहे, कारण शहराचं राजकारण मला मोर्च्यांपेक्षा तिथे जास्त बोचलं. सॅक्सनीत चौथीतच मुलाची शिफारस ठरते: गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) की ओबरशूले (सर्वसाधारण माध्यमिक शाळा). जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी 2 किंवा त्याहून चांगली हवी. इथे 1 सगळ्यांत वरचा. आमच्या मुलीचं गणित पहिल्यापासून उत्तम, जर्मनमध्ये 3. पालकांच्या बैठकीत बाई फार प्रेमाने म्हणाल्या, 'ओबरशूलेत ती जास्त आनंदी राहील.' पुढची काही वाक्यं मी ऐकलीच नाहीत. शिफारस नसली तरी मुलाची चाचणी आणि शाळेबरोबर चर्चा झाल्यावर शेवटचा निर्णय पालकांचा असतो, हे त्या बैठकीत कोणी बोललं नाही. आम्हाला ते दुसऱ्या एका आईकडून कळलं. मुलगी आज गिम्नाझियममध्ये आहे आणि तिला तो प्रसंग आठवतही नाही. मला त्या बाई अजून ट्रॅममध्ये दिसल्या की मी खिडकीबाहेर बघतो. त्या एएफडीच्या नव्हेत, बहुधा ग्रीनला मत देत असतील, म्हणून तर राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

आणखी एक. राजकारण इतकं बारकाईने बघाल, पण मत देता येणार नाही, अगदी महापालिकेलाही नाही. तो हक्क फक्त जर्मन आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना. जून 2024 पासूनच्या नियमाने पाच वर्षं राहिल्यावर नागरिकत्व मागता येतं आणि जर्मनी जुना पासपोर्ट सोडायला लावत नाही. आपला देश लावतो. बायकोने अर्ज केलाय. माझा अर्धा भरून पडलाय, आणि एक कागद कमी आहे हे त्याचं खरं कारण नाही. तोवर महापालिकेच्या सभा इंटरनेटवर बघतो. तुम्हीही तिथून बघा, भाषा कळली नाही तरी कोण कोणाचं ऐकून घेतं ते कळतं.

भेट द्यायला यायचं तर डिसेंबरच्या ख्रिसमस बाजाराला येऊ नका, तेव्हा सगळीच शहरं गोड वाटतात. 13 फेब्रुवारीला या. 1945 च्या बॉम्बहल्ल्याचा दिवस. त्या तारखेला नवनाझीही येतात आणि हजारो गावकरी हात धरून साखळीही करतात, रात्री पावणेदहाला चर्चच्या घंटा वाजतात. दोन्ही बाजू एकाच दिवशी बघायला मिळतील.

लाइपझिगचं म्हणाल तर शहर जास्त मोकळं, डाव्या लोकांचा जोर असलेलं, माझ्या स्वभावाला जवळचं. पण गाडीला एका बाजूने सव्वा तास, त्यात घरापासून घरापर्यंतचा वेळ आलाच नाही. शिवाय राज्य तेच, शाळेचे नियम तेच. तुमची मुलगी तिसरीत दाखल झाली तर शिफारशीला जेमतेम दीड वर्ष राहील, त्यातला बराच काळ भाषेच्या तयारी वर्गात जाईल. तेव्हा शहर कुठलंही निवडा, तिचं जर्मन आत्ताच सुरू करा, तुमच्या ऑफर लेटरची वाट न बघता.